भावाला आईची किडनी आत्ताच द्यावी, की किडनी आणि स्वादुपिंड एकदम मिळेपर्यंत थांबावं?

तिरफळ
सोमवार, रात्री १०:१२

माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे. तिसरीत असताना त्याला टाइप १ डायबेटिस निघाला. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं. पंचवीस वर्षांत एक दिवस सुट्टी नाही, कारण ती घेताच येत नाही. तरीही गेल्या वर्षी किडन्या गेल्या. चार महिने झाले, सोम-बुध-शुक्र डायलिसिस चालू आहे, इथेच नाशिकला.

आई ५९ वर्षांची आहे. रक्तगट जुळतो, तपासण्या बऱ्याचशा झाल्यात, आणि ती रोज एकच विचारते, "तारीख कधीची मिळतेय?" आमचं ठरल्यातच जमा होतं. पण मागच्या आठवड्यात दुसरं मत घ्यायला मुंबईला गेलो, तर तिथले डॉक्टर म्हणाले की हा टाइप १ आहे, वय कमी आहे, हृदय चांगलं आहे. मेंदुमृत दात्याची किडनी आणि स्वादुपिंड दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये बसवता येतील. यशस्वी झालं तर इन्सुलिनसुद्धा बंद.

"इन्सुलिन बंद" ऐकल्यावर भाऊ काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर कसाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

अजून एक सांगायला हवं. त्याला शुगर लो झालेली आता कळत नाही. पूर्वी हात थरथरायचे, घाम यायचा. आता थेट शुद्धच हरपते. दिवाळीत पहाटे तीनला आईला भांडी पडल्याचा आवाज आला. हा उघड्या फ्रिजसमोर उभा, बनियन ओलाचिंब, आईला ओळखेना. मीटरवर ३१. आईने बोटाने हिरड्यांना गूळ चोळला. त्या दिवसापासून ती त्याच्या खोलीच्या दारात गादी टाकून झोपते.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. वाट पाहण्यात किती धोका आहे? आणि स्वादुपिंडाचं ऑपरेशन खरंच इतकं अवघड असतं का?

घाटमाथा
सोमवार, रात्री १०:४०

ताई, वाचून पोटात कालवलं. मला यातलं काही कळत नाही, पण चीनमध्ये स्टेम सेलने एका मुलीचा डायबेटिस बरा झाला असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. ते खरं असेल तर थोडं थांबलेलंच बरं ना?

स्टेथो बाजूला
सोमवार, रात्री ११:३५

तिरफळ, मी फिजिशियन आहे, ट्रान्सप्लांट सर्जन नाही. निर्णय तुमच्या टीमनेच करायचा. पण समोर काय काय आहे ते सांगतो.

स्वादुपिंड दोन कामं करतं. त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं जेमतेम एक-दोन टक्के असतात. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या बेटांतल्या बीटा पेशी मारते. आपल्याला हवी असतात ती ही बेटं, पण अख्खं स्वादुपिंड बसवायचं म्हणजे पाचकरसाचा कारखानाही सोबत येतो. खरी अडचण तिथेच आहे.

ऑपरेशनमध्ये रुग्णाचं मूळ स्वादुपिंड काढत नाहीत, ते पाचकरस देत राहतं. नवं स्वादुपिंड ओटीपोटात, बहुधा उजवीकडे बसवतात आणि किडनी डावीकडे. रक्तवाहिन्या मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना जोडतात. दात्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा स्वादुपिंडाला चिकटूनच घेतलेला असतो, तो रुग्णाच्या आतड्याला जोडतात. या अवयवातला रक्तप्रवाह संथ असतो, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत गुठळी होण्याची भीती. जोड गळला तर पाचकरस पोटात. म्हणून किडनीपेक्षा हे ऑपरेशन जोखमीचं आणि पुन्हा पोट उघडावं लागण्याची शक्यताही जास्त.

आता तुमच्या भावाची जमेची बाजू. नवा अवयव टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर लागतात. ज्याच्या किडन्या चांगल्या आहेत त्याने फक्त इन्सुलिन सुटावं म्हणून त्या गोळ्या घ्याव्यात का, यावर दहा वेळा विचार करावा लागतो. तुमच्या भावाला किडनीसाठी त्या घ्यायच्याच आहेत. म्हणूनच जगभरात स्वादुपिंडाची बहुतेक प्रत्यारोपणं किडनीसोबत होतात.

तिसरा मार्गही आहे. आईची किडनी आत्ता आणि स्वादुपिंड नंतर कधीतरी मेंदुमृत दात्याकडून. याने डायलिसिस लवकर सुटतं, पण ऑपरेशनं दोन होतात आणि नंतर बसवलेलं स्वादुपिंड एकत्र बसवलेल्याइतकं टिकत नाही असा अनुभव आहे. एकाच दात्याचे दोन्ही अवयव असले की किडनी राखणदाराचं काम करते. रिजेक्शन, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणं, सुरू झालं तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधी वाढतं आणि वेळीच उपचार करता येतात. शुगर वाढायची वाट पाहिली तर तोवर बेटांचं बरंच नुकसान झालेलं असतं.

पेननिडल
मंगळवार, सकाळी ७:०५

मी पुण्यात असते, टाइप १ ला २७ वर्षं झाली. तुमच्या आईंची दारातली गादी वाचून माझी आई आठवली.

थोडं वेगळं मत मांडते. ट्रान्सप्लांटचं जे व्हायचं ते होईल, पण हायपोवर, म्हणजे शुगर लो होण्यावर, उद्याच काहीतरी करा. भावाला सेन्सर लावलाय का? दंडावर चिकटवायचा असतो, दर काही मिनिटांनी शुगर फोनवर दिसते. खाली उतरायला लागली की अलार्म होतो आणि तो आईंच्या फोनवरही वाजवता येतो. मलाही लो कळणं बंद झालं होतं. सहा-सात महिने शुगर ७० च्या खाली जाऊच दिली नाही, तेव्हा ती जाणीव बऱ्यापैकी परत आली. त्यासाठी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, थोडा वाढला तरी चालेल असं माझ्या डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं होतं. डायलिसिसवर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे डोसही पुन्हा बसवून घ्या.

आणि एक विनंती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जातं. घरात शुगर झटकन वाढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन ठेवा, आईंना शिकवून ठेवा.

सातासमुद्रापार
मंगळवार, सकाळी ९:५०

मी कॅनडात एडमंटनला राहतो. या शहराच्या नावाचा प्रोटोकॉलच आहे, म्हणून लिहितो.

इथल्या अल्बर्टा विद्यापीठात डॉ. जेम्स शापिरो यांच्या चमूने अख्खं स्वादुपिंड न बसवता फक्त बेटं बसवली. दात्याच्या स्वादुपिंडातून एन्झाइमने बेटं सोडवायची, शुद्ध करायची आणि एका बारीक नळीने यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडायची. पोट फाडायला लागत नाही. बेटं यकृतात रुजतात आणि तिथूनच इन्सुलिन देतात. २००० साली त्यांनी सात रुग्णांचे निकाल छापले. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं होतं. स्टेरॉइड न वापरता ते साधलं, ही त्यातली मोठी गोष्ट.

पुढचंही सांगायला हवं. अनेक केंद्रांत मिळून ३६ जणांवर तोच प्रयोग केला, त्याचे निकाल २००६ मध्ये आले. वर्षभराने इन्सुलिनशिवाय १६ जण होते. दोन वर्षांनी त्या सोळांतले फक्त ५. शिवाय एका रुग्णाला बहुतेक वेळा दोन किंवा जास्त दात्यांची बेटं लागतात. पण ज्यांना इन्सुलिन पुन्हा सुरू करावं लागलं त्यांच्यातही बेटं थोडीफार जिवंत असली की बेशुद्ध पाडणारे हायपो थांबतात. फ्रिजसमोर उभा राहणाऱ्या माणसासाठी हे फार मोठं आहे. अमेरिकेने अशा दात्याच्या बेटांचा उपचार २०२३ च्या जूनमध्ये मंजूर केला, तोही वारंवार गंभीर हायपो होणाऱ्या प्रौढांपुरताच.

जुनी जंत्री
मंगळवार, दुपारी १:२०

थोडा इतिहास. १८९३ मध्ये ब्रिस्टलला वॉटसन विल्यम्स नावाच्या डॉक्टरने डायबेटिसने मरायला टेकलेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे शिवले होते. मुलगा तीन दिवसांत गेला. इन्सुलिन सापडायला अजून २८ वर्षं होती. प्रत्यारोपणाची कल्पना इन्सुलिनपेक्षा जुनी आहे हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

माणसाचं स्वादुपिंड माणसाला पहिल्यांदा बसवलं ते १९६६ च्या डिसेंबरमध्ये, मिनेसोटा विद्यापीठात, केली आणि लिलेहाय यांनी. रुग्ण २८ वर्षांची स्त्री होती आणि तिलाही सोबत किडनी बसवली होती. म्हणजे तिरफळ यांच्या भावासमोरचा प्रश्न पहिल्या दिवसापासून हाच आहे.

हळदीचं पान
मंगळवार, दुपारी ३:४४

आमच्या ओळखीत एकांची शुगर जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याच्या रसाने नॉर्मल झाली. ऑपरेशनआधी एकदा करून बघायला काय हरकत आहे? इन्सुलिन हळूहळू कमी करता येतं म्हणतात.

पेननिडल
मंगळवार, दुपारी ३:५८

हळदीचं पान, तुम्ही आपुलकीने लिहिलंय हे कळतंय. पण तुमच्या ओळखीतल्यांना टाइप २ असणार. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन बनतच नाही. ते थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्त आम्लधर्मी होतं आणि माणूस आयसीयूत जातो. मी अकरावीत असताना एका काढ्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद करून हे भोगलंय. तीन दिवस शुद्ध नव्हती. शिवाय इथे किडन्या गेलेल्या आहेत, कुठलाही रस-पूड परस्पर देणं धोक्याचं आहे. पोटॅशियम वाढलं तर हृदयच थांबतं.

हळदीचं पान
मंगळवार, दुपारी ४:३०

मला हा फरक माहीत नव्हता. प्रतिसाद तसाच ठेवते, म्हणजे खालचं उत्तर अजून कोणाच्या उपयोगी पडेल.

ओंजळ
मंगळवार, रात्री ११:१०

धागा दुपारीच वाचला होता, लिहायला धीर होत नव्हता.

माझं किडनी आणि स्वादुपिंड दोन्हींचं प्रत्यारोपण मुंबईत झालं. आता सहा वर्षं होतील. यादीत नाव घातल्यावर अकरा महिन्यांनी नंबर लागला. त्याआधी दोनदा फोन येऊन रिकाम्या हाताने परत आलो. एकदा दात्याच्या घरच्यांनी शेवटच्या क्षणी नकार दिला, तो त्यांचा हक्कच आहे. दुसऱ्यांदा सर्जननी प्रत्यक्ष बघितल्यावर स्वादुपिंडावर चरबी फार निघाली. किडनीला जे चालतं ते स्वादुपिंडाला चालत नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पोटात रक्तस्राव झाला, पुन्हा उघडावं लागलं. सव्वा महिना हॉस्पिटलात होतो. पहिल्या वर्षात एक रिजेक्शन, एकदा सीएमव्ही या विषाणूचं इन्फेक्शन. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस गोळीने हात थरथरतात, कपातला चहा बशीत सांडतो. गोळ्या सकाळी नऊ आणि रात्री नऊ. घड्याळ चुकवून चालत नाही. लग्नाच्या पंगतीत, गर्दीच्या लोकलमध्ये आजही मास्क लावतो. गोळ्या आणि तपासण्या धरून महिन्याला साधारण पंधरा हजार जातात. ऑपरेशनच्या वेळी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक न्यास दोन्हीकडे अर्ज केले होते. कागद आधीपासून जमवून ठेवा.

हे सगळं सांगून झाल्यावर दुसरी बाजू. आयसीयूत दुसऱ्या दिवशी सिस्टरने बोटाला टोचलं आणि म्हणाल्या, "एकशे अठरा." मी विचारलं, इन्सुलिन किती चालू आहे? त्या म्हणाल्या, "काहीच नाही, सकाळीच बंद केलंय." एकवीस वर्षांनी पहिल्यांदा माझ्या शरीराने स्वतः तो आकडा आणला होता. घरी आल्यावर बायकोने वरण-भात वाढला आणि सवयीने वाटी मोजायला लागली. मी तिचा हात धरला. दोघंही जेवायचे थांबलो होतो.

घाटमाथा
बुधवार, सकाळी ८:१५

ओंजळ, सलाम. एक भाबडी शंका. किडनी जिवंत माणूस देतो, तसं आईचं अर्धं स्वादुपिंड नाही का घेता येत? म्हणजे थांबायलाच नको.

स्टेथो बाजूला
बुधवार, दुपारी २:०२

शंका भाबडी नाही, हे केलं गेलंय. मिनेसोटात जिवंत नातेवाइकाच्या स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग घेऊन प्रत्यारोपणं झाली आहेत. क्योटोला २००५ मध्ये एका आईच्या स्वादुपिंडातली बेटं काढून मुलीला दिली होती, मात्र त्या मुलीचा डायबेटिस स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेमुळे झालेला होता, टाइप १ नव्हता. अडचण अशी की देणाऱ्यालाच पुढे डायबेटिस होऊ शकतो. म्हणून हा मार्ग रुळला नाही. ५९ वर्षांच्या आईकडून किडनी आणि स्वादुपिंड दोन्ही घेण्याचा विचार कोणी करणार नाही.

मिनेसोटात जुळ्या भावंडांमध्येही असं केलं. एकसारखे जुळे, म्हणजे रिजेक्शनचा प्रश्न नाही, म्हणून गोळ्या दिल्या नाहीत. काही आठवड्यांत डायबेटिस परत आला. मूळ आजाराने नव्या बीटा पेशीही मारल्या. म्हणजे इथे गोळ्या परक्या अवयवाला सांभाळतात आणि जुन्या आजारालाही आवर घालतात.

हेच स्टेम सेलच्या बातमीलाही लागू आहे. तिआनजिनच्या त्या तरुणीची बातमी खरी आहे. तिच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत बेटं बनवून २०२३ मध्ये पोटाच्या भिंतीत सोडली, अडीच महिन्यांनी इन्सुलिन सुटलं. पण तिचं यकृत प्रत्यारोपण आधीच झालेलं होतं, त्यामुळे गोळ्या चालूच होत्या. २०२५ च्या जूनमध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या पेशींचे निकाल आले. पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जण वर्षाने इन्सुलिनशिवाय होते, गोळ्या घेऊनच. गोळ्यांशिवायचा प्रयोग स्वीडनमध्ये उप्साला इथे झाला. जनुकं बदललेली दात्याची बेटं एका माणसाच्या हाताच्या स्नायूत सोडली, ती जगली आणि इन्सुलिनही बनवू लागली. पण डोस मुद्दाम लहान ठेवला होता, त्याचं बाहेरचं इन्सुलिन चालूच आहे. मला या कामाबद्दल मनापासून आशा आहे. पण डायलिसिसवरच्या माणसाने त्यासाठी थांबू नये.

पेननिडल
बुधवार, रात्री ९:३०

ओंजळ, तुमचा वरण-भात वाचून रडले. तरी माझं मत बदललेलं नाही. माझ्या किडन्या चांगल्या आहेत, मी इन्सुलिनच घेत राहीन. आणि तिरफळ यांच्या जागी मी असते तर आईची किडनी आधी घेतली असती. डायलिसिसचं प्रत्येक वर्ष टाइप १ वाल्याच्या हृदयावर येतं.

ओंजळ
बुधवार, रात्री १०:०५

पेननिडल, तुमच्या जागी मीही इन्सुलिनच घेतलं असतं. पण दुसऱ्या मुद्द्यावर असहमत. भाऊ ३३ चा आहे. कुठलीच किडनी त्याला जन्मभर पुरेल याची खात्री नाही, पुढे दुसरी लागू शकते. आईची आत्ता वापरली नाही तर ती हाताशी राहते. मात्र आईचं वय थांबत नाही, तुमचा मुद्दा तिथे बरोबर आहे. शिवाय चांगल्या किडनीवर वाढलेली शुगर पुन्हा पहिल्यासारखाच परिणाम करते, आईची किडनी असली तरी.

मोगरीचा ओटा
गुरुवार, सकाळी ६:४०

मी सहसा फक्त वाचते. आज दुसऱ्या बाजूने लिहिते.

तीन वर्षांपूर्वी माझा दीर दुचाकीवरून पडला. वय २९. मेंदुमृत असल्याचं सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून सांगितलं. छाती हलत होती, हात गरम होते, आणि सही करायची होती. सासूबाई म्हणाल्या, "मातीत घालायचं ते कुणाच्या पोटात गेलं तर राहील तरी." दोन किडन्या, यकृत, डोळे दिले. स्वादुपिंडाची चौकशी त्यांनी केली होती, पण त्या दिवशी यादीत जुळणारं कोणी नव्हतं, असं समन्वयक बाईंनी सांगितलं. ते तसंच गेलं.

तेव्हा स्वादुपिंडाचा कोणाला काय उपयोग, हेही आम्हाला माहीत नव्हतं. ओंजळ, तुमची ती एकशे अठराची ओळ मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली.

ओंजळ
गुरुवार, सकाळी ७:२५

माझा दाता कोण होता हे मला सांगितलेलं नाही, सांगतही नाहीत. दरवर्षी त्या तारखेला घरात एक पणती लावतो. यंदा सासूबाईंच्या नावानेही लावेन.

तिरफळ
दीड महिन्यानंतर, रविवार, संध्याकाळी ५:१५

धागा वर काढतेय, कारण इतक्या जणांनी मन लावून लिहिलं आणि काय ठरलं ते सांगायचं राहिलं.

सगळे प्रतिसाद छापून डॉक्टरांकडे नेले. शेवटी मार्ग आईनेच काढला. ती म्हणाली, "याचं नाव दोन्हीसाठी घाला. पाडव्यापर्यंत वाट बघू. नाही मिळालं तर माझी किडनी, मग मी कुणाचं ऐकणार नाही." डॉक्टरांना हे पटलं. तिच्या तपासण्या पूर्ण करून फाइल तयार ठेवलीय. अवयववाटप करणाऱ्या विभागीय समितीकडे भावाचं नाव नोंदलं गेलं.

पेननिडल, सेन्सर लावला. पहिल्याच आठवड्यात रात्री पावणेतीनला आईच्या फोनवर अलार्म, ६४. तिने उठून ग्लुकोजच्या गोळ्या दिल्या, दहा मिनिटं बसली, आकडा चढताना पाहिला आणि आत येऊन पलंगावर झोपली. दारातली गादी गुंडाळून माळ्यावर गेलीय.

गेल्या मंगळवारी रात्री एक वीसला फोन आला. बॅग भरलेलीच होती. धुक्यात घाट उतरून साडेपाचला हॉस्पिटलात पोहोचलो. तपासणीला रक्त दिलं, दात्याशी क्रॉसमॅच जुळलं, भावाला हिरवा गाऊनही घातला. नऊ वाजता सर्जन स्वतः बाहेर आले. स्वादुपिंड वापरण्यासारखं नव्हतं. ओंजळ, तुमचं लिहिलेलं वाचलेलं होतं म्हणून आम्ही कोसळलो नाही.

परत येताना इगतपुरीला चहाला थांबलो. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "किडन्या दिल्या असतील ना कुणाला?" मी म्हटलं, दिल्या असणार. त्याने मान हलवली, सेन्सर बघितला, आणि चहासोबत खायच्या दोन बिस्किटांचं इन्सुलिन टोचलं.

घाटमाथा
रविवार, संध्याकाळी ५:४२

ताई, पाडव्याला अजून सात आठवडे आहेत. माझी गाडी आणि मी नाशिकरोडलाच असतो. पुढचा फोन रात्री कितीलाही आला तरी मला उठवा, घाटात मी चालवतो. आणि रक्त लागलं तर माझा बी पॉझिटिव्ह आहे.